दगडावरची दुसरी ओळ

३ फेब्रुवारी

चि. बडबडे,

अनेक आशीर्वाद. पत्र जरा मोठं आहे, बसून वाच. आणि वाचून झाल्यावर फोन करू नकोस, उपयोग नाही. उजवा कान केव्हाच गेला होता, आता डावाही संपावर गेलाय. उभा जन्म मागांच्या शेडमध्ये काढल्यावर कान शाबूत राहिले असते तरच नवल. तेव्हा जे बोलायचं ते कागदावर.

काम सांगते. आमच्या गिरणीत तुझ्या शहरातली एक मुलगी मागावर होती. डिसेंबरात न्यूमोनियाने गेली. तेवीस वर्षांची होती. आई तुझ्याच शहरात असते, बंदराच्या बाजूला, पत्ता मागच्या पानावर आहे. बाईला प्रवासाचे कागद वेळेवर मिळाले नाहीत, त्यामुळे ती येऊ शकली नाही. आम्हीच पोचवलं तिला.

आता शेडमधल्या बायकांना तिच्यावर दगड बसवायचाय. वरती नाव आणि तारखा, त्या कागदपत्रांवरून येतील. त्याखाली बायकांनी दोन शब्द ठरवलेत: ‘अवर लास’. अवर म्हणजे आमची, आणि लास म्हणजे इथल्या बोलीत तरुण मुलगी. तुझ्या पुस्तकी इंग्रजीत हा शब्द असेल-नसेल, इथे तो रस्त्यावर पडलेला असतो. भाजीवाला म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो, मीही या गावात नवी होते तेव्हा मला म्हणायचे. आणि त्याच्याखाली दुसरी ओळ, तेच तिच्या आईच्या भाषेत. पोर्तुगीजमध्ये. दोन्ही ओळींना आईची मंजुरी आणि सही लागते, त्याशिवाय दफनभूमीचं कार्यालय दगड लावू देत नाही.

सोबत बायकांचं पत्र आहे, आईच्या नावाने. सगळ्यांनी मिळून लिहिलंय, त्यामुळे कुणा एकीचं धड नाही. तू जा, आईला वाचून दाखव, आणि त्या दोन शब्दांचं भाषांतर कर. सरळ कर. तुझी खोड मला ठाऊक आहे. लहानपणी घरात भांडण झालं की एकाचा निरोप दुसऱ्याला सांगताना त्यात साखर घालायचीस आणि दोघांचाही मार खायचीस. इथे साखर नको.

मुलगी चांगली होती. मी ओळखत होते तिला.

शहाणी हो पोरी, आणि लवकर लिही.

तुझी मावशी


१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि. साखर घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

रविवारी गेले होते. बंदरामागच्या चढावरची गल्ली, खाली जाळी विणायच्या दोराचं दुकान, वर दोन खोल्या. बाई माझ्यापेक्षा बुटकी, पण दार उघडून अशी उभी राहिली की आत जायला मलाच लहान व्हावं लागलं. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात तिची सगळी हयात गेली. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. त्याच हाताने तिने माझ्यापुढे कप ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “वाचा.”

मी शपथबद्ध भाषांतरकार आहे मावशी. जन्माचे दाखले, घटस्फोट, जमिनीचे वाद, सगळं मी चेहरा न हलवता वाचते. पण या पत्राने माझी परीक्षा पाहिली. “लास फार हसरी होती.” “लासने आम्हाला नाचायला शिकवलं.” “लास आजारी पडली तेव्हा आम्ही रोज विचारपूस करायचो.” लास या शब्दाला मी ‘रापारिगा’ घातलं. आमच्याकडे तरुण मुलीला हाच शब्द, साधा, रोजचा. पण बाई तरुणपणी काही वर्षं समुद्रापलीकडे राहिली आहे, आणि तिकडच्या पोर्तुगीजमध्ये तो शिवीसारखा वापरतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने मान वर केली. मी जीभ चावली आणि पुढे ‘मुलगी’ या अर्थाचे दुसरे शब्द घालत गेले.

पण तिला लागलं ते वेगळंच. पत्र संपल्यावर तिने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मुलगी हसरी होती, मुलगी नाचली, मुलगी आजारी पडली. माझ्या मुलीला नाव होतं. चार वर्षं तुमच्यात राहिली आणि एकीलाही ते आलं नाही?”

मी पत्र पुन्हा पाहिलं. खरंच, नाव एकदाही नाही. दोन पानं भरून माया आहे, आणि नाव नाही.

मग ती उठली, खिडकी लावून घेतली आणि म्हणाली, “ज्यांना तिचं नाव माहीत नाही त्यांच्यात मी तिला ठेवणार नाही. घरी आणणार. त्यांना सांगा, दगड नको.” सही केली नाही. खालच्या गल्लीतला एक वकील अशा कामाचे कागद करतो, त्याच्याकडे ती जाणार आहे.

आता तूच सांग. इतक्या बायका, इतकं प्रेम, आणि एकीच्याही लेखणीतून नाव उतरू नये? मी तिथे बसून तुमची बाजू काय मांडणार होते? तुमची बाजू काय आहे तेच मला ठाऊक नाही. तू ओळखत होतीस म्हणतेस. तुला तरी येतं का तिचं नाव?

तुझी बडबडी


२८ फेब्रुवारी

चि. बडबडे,

आशीर्वाद. रागाने लिहिलेलं पत्र पोचलं. राग बरोबर आहे, आईचाही. चूक आमची, की जे आम्हाला ठाऊक आहे ते जगाला ठाऊक असणार असं धरून चाललो.

तू कधी मागांची शेड पाहिली नाहीस. सूत वाहणारे शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटतात. तिथे ओरडलीस तरी तुझं तुलाच ऐकू येणार नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड मोठं करून शब्द दाखवायचा. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगते आणि मधल्या सगळ्या वाचतात, त्यामुळे आमच्याकडे गुपित म्हणून काही राहत नाही. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी आम्ही तिचं नाव ओठांवर करून बघतो. दिसतं की नाही ते बघायला.

हिचं नाव दिसेना. मधला सूर सगळा नाकात, शेवट गिळलेला. ती म्हणून दाखवायची, आम्ही तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, आणि दिसायचं काय तर जरासे उघडे ओठ. जांभई येता येता राहिली असावी तसे. तिसऱ्या दिवशी तिच्या मागाचा पट्टा सुटायला आला. पलीकडच्या बाईला दिसलं, ती नावाने हाका मारते आहे, ही बघतेय पण हिला कळेना की हाक आपल्याला आहे. थोडक्यात निभावलं. शेडमध्ये ज्याला हाक मारता येत नाही त्याला वाचवता येत नाही, हे तिथे शेंबड्या पोरीलाही कळतं.

जेवणाच्या सुट्टीत बायका बसल्या. एकीच्या केसांवरून तिचं नाव पडलंय, एकीच्या चालण्यावरून. हिला काय म्हणायचं? लास म्हणूया, असं ठरलं. जीभ दातांच्या मागे, मग तोंड उघडं. लांबून स्वच्छ दिसतं. पण लास तर सगळ्याच तरुण मुली. मग आमच्या मुकादमीणबाईने सांगितलं की आजपासून शेडमध्ये दुसऱ्या कुणाला लास म्हणायचं नाही. तो शब्द हिचा. आणि खरंच बंद झालं. बाहेर रस्त्यावर हजार लास आहेत, शेडमध्ये एकच होती. परवा एक नवी मुलगी आली तर तिला काय म्हणायचं म्हणून सगळ्या तिचे केस, तिची चाल बघत बसल्या. तो शब्द कुणी उचलला नाही.

म्हणून पत्रात नाव नाही. त्यांच्या लेखी तेच नाव. हे आईला सांग. पटलं नाही तर नाही.

मुलीला घरी न्यायचं म्हणते, तर नेऊ दे. तिचा हक्क आहे. मी मधे पडणार नाही, बायकांनाही सांगितलंय. इथली जमीन या दिवसांत कडक असते, उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल एवढंच. जागा उंचावर आहे, शेजारी झाड आहे. तसं सांगायची गरज नाही. उगाच लिहिलं.

नावाचं विचारलंस. येतं. नीट नाही येत.

तुझी मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

सा. न. काल पुन्हा गेले. तुझं पत्र मी जसंच्या तसं पोर्तुगीजमध्ये सांगितलं, सासूच्या गाऱ्हाण्यासकट. आधी ती माझ्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. ओठांचं आलं तशी वळली.

म्हणाली, “डब्यांना झाकणं दाबायची यंत्रं तुम्ही पाहिली आहेत?” मी म्हटलं नाही. म्हणाली, “आम्हीही तसंच बोलायचो.”

मग समोर खुर्ची घेऊन बसली. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, आणि माझ्याकडे बघून, आवाज न काढता, मुलीचं नाव घेतलं. मी टक लावून बघत होते. नाव मला ठाऊक होतं, तरी काही दिसलं नाही. तिने पुन्हा घेतलं. मग स्वतः उठून भिंतीवरच्या आरशासमोर गेली आणि तिथे घेतलं, दोनदा, तीनदा. आरशातल्या बाईचे ओठ जेमतेम हलत होते.

“मी चौदाव्या वर्षापासून असं बोलते,” ती म्हणाली, “आणि नाव ठेवताना माझ्या हे लक्षात आलं नाही. तिला मी कारखान्यात कधी नेलंच नाही. मुलीने तिथे पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं.” मग ती रडली. मी तिच्यापाशी पहिल्यांदाच बसले आहे असं मला वाटलं. आधीच्या वेळी मी नुसती समोर होते.

त्यानंतर आम्ही त्या दुसऱ्या ओळीला हात घातला, आणि शब्दाचा असा कीस पाडला की माझ्या सगळ्या कोशांना घाम फुटावा. ‘मेनीना’ म्हटलं. म्हणाली, मेनीना वेण्या घालून शाळेत जाते. ही एकटी परदेशी गेली. ‘मोसा’ म्हटलं. म्हणाली, आमच्या घरमालकिणीकडे धुण्याला येते ती मोसा. ‘कशोपा’ काढला, जुना, डोंगराकडचा, मला वाटलं यात ती बोलीची चव आहे. म्हणाली, “बाई, ती शेळ्या राखायला गेली नव्हती.” आम्ही दोघीही हसलो, आणि हसल्याबद्दल दोघींनाही वाईट वाटलं.

मग ती सहज म्हणाली, “त्यांच्या भाषेत आणखी एक शब्द आहे ना मुलीसाठी? तो सांगा, त्याला काय म्हणाल?” मी विचारलं कुठला. तर म्हणाली, मुलगी रविवारी तिकडून फोन करून तिला इथल्या गल्लीतल्या टेलिफोनवर बोलवायची. तिकडे मागे कुठेतरी एक बाई असायची. बोलणं लांबलं की ती बाई हाक मारायची. मुलगी हसायची आणि म्हणायची, “आई, ठेवते, मला जेवायला बोलावतायत.” हाक नेहमी एकच. बाईने ती मला करून दाखवली, शेवट लांबवून, वर चढवून.

“पोरीऽऽ.”

मावशी, मी हातातला कप खाली ठेवला. आमच्या लहानपणी तू अंगणाच्या भिंतीवरून अशीच हाक मारायचीस, आणि मी दोन घरं पलीकडे असले तरी ऐकू यायची. हे कुणाचं इंग्रजी आहे, सांग ना?

तिला मी एवढंच म्हटलं की विचारून सांगते. तिच्या तोंडावर खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘मी ओळखत होते’ एवढंच लिहिलंस तू मला. मला सगळं हवंय.

तुझी बडबडी


९ एप्रिल

प्रिय मावशी,

उत्तर नाही. बरी आहेस ना, एवढं तरी कळव. वकिलाने कागद तयार केलेत, जूनमध्ये मुलीला हलवायचे. बाईने अजून सही केलेली नाही. परवा ती माझ्या ऑफिसात आली होती, जोडे दुरुस्तीच्या दुकानावरून तो अरुंद जिना चढून, धापा टाकत. तिने वकिलाचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, “त्या शब्दाचं कळलं का?”

मी आणखी किती वेळा नाही म्हणू?

बडबडी


१७ एप्रिल

चि. बडबडे,

बरी आहे. लिहायला बसायची आणि उठायची, असं चाललं होतं.

माझ्याकडेच राहायची ती. मागच्या खोलीत. शेडमध्ये ती आली तेव्हा कुणीतरी सांगितलं की ही तुझ्या भाचीच्या शहरातली. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसले. आपली पत्रं तेव्हा जवळजवळ बंदच होती, तुझी काही खबर मिळेल असं वाटलं, बघ माझी अक्कल, जसं काही तुमच्याकडे सगळे एकाच चाळीत राहतात. वसतिगृहात तिच्या खोलीला खिडकी नव्हती. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. एका पेटीत सगळा संसार घेऊन आली.

घरात मी तिला लास कशी म्हणणार? तो शेडचा शब्द. तोंडात आपसूक जो आला तो आला. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, काही नाही, जेवायला चल. ती तेवढाच अर्थ धरून बसली.

आपलं नाव मला नीट यावं म्हणून तिने फार खटपट केली. संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून माझं बोट स्वतःच्या नाकावर ठेवायची आणि नाव घ्यायची. बोटाला ते गुणगुणतं. मग माझं बोट माझ्या नाकावर. माझं काही गुणगुणायचं नाही. ती पोट धरून हसायची. कान तेव्हाच जात आले होते, त्यामुळे मला आलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. आलं असं तिने कधी म्हटलं नाही. लबाड नव्हती.

आजारपण थोडक्यात सांगते. ताप चढला, श्वास लागला, मी शेजाऱ्यांकरवी गाडी बोलावली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर फडकं बांधलेलं. त्या मला काहीतरी सांगत होत्या, बराच वेळ, आणि मला फक्त फडकं हलताना दिसत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे ओठ वाचले, आणि त्या दिवशी वाचायला ओठच नव्हते. काढा म्हणून खूण केली, त्यांनी मान हलवली. नियम असेल. मी तिच्या खाटेपाशी जाऊन बसले. तिच्याही तोंडावर प्राणवायूचा मुखवटा.

सकाळच्या वेळी तिने तो हाताने जरा बाजूला केला. मला बघून ओठ हलवले. आधी दोन्ही ओठ मिटले, मग उघडले. एकच शब्द. म होता, यात शंका नाही, मी शपथेवर सांगेन. तुझ्या पोर्तुगीजमध्ये आईला म लागतो ना? तेवढ्यात नर्सने मुखवटा परत लावला.

हे तिच्या आईला सांग. हे माझ्याकडे ठेवायचा मला अधिकार नव्हता, आणि इतके महिने मी ठेवलं.

का ठेवलं म्हणशील. मला मूलबाळ नाही, हे तुला मी सांगायला नको. तिच्या आईने ती वाढवली, शाळेत घातली, त्या यंत्रापासून लांब ठेवली. मला ती जेवणाच्या वेळेला मिळाली. त्यावर मी काय सांगायचं, की माझाही तिच्यात वाटा आहे? आणि तुला कळलं असतं तर तू माझी बाजू घेतली असतीस, त्या दोन शब्दांत साखर पडली असती. मला ते सरळ हवे होते. बायकांनी ‘अवर’ म्हटलं, तेवढ्यात मीही आले, पुष्कळ झालं, असा माझा हिशोब होता.

आता आई म्हणेल तसं. नेते म्हणाली तर मी तिची पेटी बांधून ठेवेन. कपडे धुऊन ठेवलेत.

तुझी मावशी


५ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. गाळलं काही नाही, घातलं काही नाही. ‘म’च्या ओळीला पोचले तेव्हा माझा आवाज गेला, आणि मी तो शब्द आवाजाशिवायच केला. तिने माझ्या ओठांवरून वाचला. ‘माय’चाच भाऊबंद आहे तो, नाकातून म्हटलेला. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

मग तिने मला प्रश्न विचारले. भलतेच. त्या खोलीची खिडकी कुठे उघडते? ती पोटभर जेवायची का? लहानपणी ती झोपेत पांघरूण लाथाडायची, तिथे कुणी घालायचं का? मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पण मावशीला मी ओळखते. घालत असणार.

“आणि तो शब्द?” तिने विचारलं. मी सांगितलं की तो इंग्रजी नाही, माझ्या आईच्या भाषेतला आहे. अर्थ सांगायला गेले आणि अडले. इतकी वर्षं याच कामाची भाकरी खाते, आणि मला पोर्तुगीजमध्ये ‘पोरी’ सांगता येईना. म्हटलं, मुलगीच, पण हाक मारलेली. रागाने मारली तरी मायेची. ती म्हणाली, “कळलं. फोनवर कळतच होतं.”

मग तिने वकिलाचे कागद ट्रंकेत ठेवले आणि दगडाचा कागद मागितला. दुसऱ्या ओळीसाठी तिने ‘फील्या’ सांगितलं. म्हणजे लेक. मी म्हटलं, हे लासचं भाषांतर होत नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मी विचारलं, “पुढे ‘माझी’ लिहू?” लिहा म्हणाली. मी लिहिलं. कागद हातात घेऊन ती बघत राहिली आणि म्हणाली, “खोडा.” मग मी हळूच विचारलं, “ ‘आमची’ लिहू?” त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न परत घ्यावासा वाटला. शेवटी म्हणाली, “नुसतं ‘लेक’ राहू द्या. ज्याला जे लावायचं ते तो लावेल.”

तिने सही केली. खाली माझा शिक्का हवा, ‘भाषांतर मुळाबरहुकूम’ असा. बरहुकूम नाही हे मला ठाऊक होतं. मारला.

दगड बसवायच्या दिवशी ती येणार आहे. प्रवासाचे कागद मी करून घेतलेत, या खेपेला उशीर होणार नाही. मी येऊ शकत नाही, कोर्टात तारखा आहेत. मी म्हटलं, तिथे तुम्हाला दुभाषी लागेल. म्हणाली, नको. तुझ्या पेटीचं तिला सांगितलं. ती म्हणाली, पेटी बांधू नका, मी येऊन बघेन कशी ठेवली आहे ते.

बिछाना मागच्या खोलीत घाल तिचा.

तुझी बडबडी


२२ जून

चि. बडबडे,

अनेक आशीर्वाद. आली, राहिली, काल गेली. आता सांगते.

स्टेशनवर मी तिला लगेच ओळखलं. कपाळ तेच. मी नमस्कार केला, तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलली. मी कानाला हात लावून मान हलवली. तिने बोलणं थांबवलं, आणि तोंड मोठं करून तेच ओठांनी केलं. मला पोर्तुगीज येत नाही, त्यामुळे कळलं काहीच नाही. पण आमच्या शेडमधल्यासारखे ओठ होते ते. नवशिकीचे नव्हते.

घरी येऊन तिने आधी मागची खोली पाहिली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. पेटीतले कपडे एकेक बाहेर काढले, हुंगले, आणि पुन्हा माझ्याच घड्यांवर घड्या घालून ठेवले. एक स्वेटर माझ्या हातात दिला, तो माझ्याकडे ठेवायचा असा. जेवायला बसलो तेव्हा तिने तीन ताटं घेतली. मी एक उचलून ठेवणार होते. मग राहू दिलं.

सकाळी दफनभूमीत सगळ्या बायका आल्या. मुकादमीणबाई तर सुट्टी न मिळूनही आली. त्यांनी एकेकीने आईसमोर उभं राहून ओठांनी ‘लास’ म्हटलं आणि हात हातात घेतला. आवाज कुणीच काढला नाही, तिथे काही माग चालू नव्हते तरीसुद्धा. सवय म्हण. दगड चांगला झालाय. वर नाव, मग बायकांची ओळ, मग तिची. तुझा शिक्का कुठे दिसत नाही, काळजी करू नकोस.

मग बायका गेल्या. आम्ही दोघीच झाडाखाली उभ्या होतो. ती दगडाकडे बघत होती. जरा वेळाने ती मुद्दाम वळली, मला तिचं तोंड दिसेल अशी, आणि हाक मारली. मला नव्हे, दगडाकडे बोट होतं. आवाज काढला की नाही मला ठाऊक नाही, काढला असेल. मला ओठ दिसले. आधी दोन्ही मिटले, मग गोल झाले, मग शेवट लांबवलेला, कडेपर्यंत ओढलेला. प होता, बडबडे. तुझ्या-माझ्या घरातला शब्द त्या बाईच्या तोंडावर मी वाचला.

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ती थांबली होती. आता तू, असं तिने मानेने सांगितलं.

तेव्हा मी बोट नाकावर ठेवलं आणि त्या मुलीचं नाव घेतलं. तिचं स्वतःचं, आईने ठेवलेलं. मोठ्याने घेतलं, जितक्या मोठ्याने येईल तितक्या. मला माझा आवाज ऐकू येत नाही, आणि ते नाव ओठांवर दिसतही नाही. बोटाला मात्र या वेळी काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं. मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

तिने मान डोलावली. बरोबर आलं असावं.

तुझी मावशी